जोशुआच्या माळावरचे धोंडे

बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारा माणूस आपल्याकडे फार कौतुकाचा मानला जात नाही. पण अमेरिकेत तो हौशी प्रवासी असतो. मोटारीतच बिछाना, मोटारीतच चूल आणि पाण्याचे पिंप! अशी ‘कँपर व्हॅन’ घेऊन ही मंडळी डिसेंबर-जानेवारीत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या वाळवंटाकडे वळतात. उन्हाळ्यात तिथे पाय ठेववत नाही. हिवाळ्यात दिवसा ऊन कोवळे, चालायला उत्तम; रात्री मात्र भांड्यातले पाणी गोठते. या भागाचे नाव जोशुआ ट्री. तिथल्या धोंड्यांमधून पायी हिंडताना जो इतिहास पायांखाली येतो, त्याविषयी आज थोडे बोलायचे आहे.

आधी धोंड्यांचे पाहू. हंपीचे दगड ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे दृश्य अगदीच परके वाटायचे नाही. दहा कोटी वर्षांपूर्वी, किंबहुना त्याही आधी, जमिनीच्या पोटात खडकाचा रस थिजून ग्रॅनाइट झाला. त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. पुढे हवा आजच्याहून ओली असताना भेगांतून पाणी झिरपले, त्याने ठोकळ्यांचे कोपरे खाल्ले आणि ठोकळे गोल झाले. हे सारे मातीखाली चालले होते, बरे का! माती पुरांनी वाहून गेली तेव्हा कुठे हे ढीग उघडे पडले. म्हणजे राक्षसाने रचून ठेवल्यासारखी दिसणारी ही रास कोणी रचलेली नाही. ती जागच्या जागी कोरली गेली आहे.

इथे माणूस राहिला तो पाण्यापाशी. उत्तरेच्या बाजूला ‘मारा’ नावाचे ताडांचे बन आहे. तिथे सेरानो लोकांची वस्ती होती. पुढे चेमेहुएवी लोकही आले. मग गोरे गुराखी आले, सोने शोधणारे आले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी मूळचे लोक तिथून उठले. त्या बनातले पाणीही पुढे आटले. आता त्या ताडांना नळाने पाणी घालून जगवावे लागते!

सोन्याच्या खाणी पुष्कळ निघाल्या, बहुतेक बुडाल्या. ‘लॉस्ट हॉर्स’ नावाची खाण तेवढी चालली. १८९४ ते १९३१ या काळात तिने दहा हजार औंसांहून अधिक सोने दिले. पण खाणीपेक्षा मला इथला एक माणूस मोलाचा वाटतो. त्याचे नाव बिल कीज. हा गृहस्थ १९१०च्या सुमारास इथे आला आणि धोंड्यांच्या कुशीत त्याने घर बांधले. १९१८ साली त्याने फ्रान्सिस नावाच्या मुलीशी लग्न केले. दोघांनी त्या उजाडात बाग फुलवली, पाच मुले वाढवली, मुलांसाठी शाळासुद्धा थाटली. लोकांनी टाकून दिलेले लोखंड तो गोळा करी आणि त्यातून काहीबाही उभे करी. गुराख्यांनी १९००च्या सुमारास बांधलेला बार्कर बंधारा १९४९-५० साली कीज कुटुंबानेच वाढवून उंच केला. बंधाऱ्यावर त्यांची नावे कोरलेली आहेत.

पण याच माणसाच्या हातून एक खून झाला. वर्थ बॅगली नावाच्या शेजाऱ्याशी त्याचा रस्त्यावरून तंटा होता. आपल्याकडे बांधावरून होतो तसाच. ११ मे १९४३ रोजी दोघे समोरासमोर आले, गोळ्या झाडल्या गेल्या आणि बॅगली मेला. स्वतःचा जीव वाचवायला आपण गोळी झाडली, असे कीज सांगत राहिला. पण शिक्षा झालीच, आणि सुमारे पाच वर्षे तुरुंगात गेली. पुढे रहस्यकथांचे प्रसिद्ध लेखक अर्ल स्टॅनले गार्डनर यांनी त्याची बाजू उचलून धरली, आणि १९५६ साली त्याला माफी मिळाली. सुटून आल्यावर कीजने काय करावे? बॅगली जिथे पडला तिथे दगड उभारला आणि त्यावर, इथे बॅगलीने कीजच्या हातून माती चाटली, अशा अर्थाचा मजकूर तारखेसह कोरला! पश्चात्ताप म्हणावा की गुर्मी, हे तुम्हीच ठरवा. मला तरी तो हिशेबाच्या वहीतला शेवटचा आकडा वाटतो.

आता ही जमीन राखली कोणी? पासाडेनाकडच्या एका श्रीमंत बाईने. मिनर्व्हा हॉइट हे तिचे नाव. नवरा आणि तान्हे मूल गेल्यावर तिने वाळवंटात मन रमवले. त्या सुमारास शहरच्या बागांसाठी लोक वाळवंटातली निवडुंगे आणि झाडे गाड्या भरभरून उपटून नेत. जोशुआ म्हणजे काही वडपिंपळ नव्हे, ते युक्काच्या जातीचे झाड. फार सावकाश वाढते. एकदा उपटले की एका पिढीत भरून येत नाही. बाईने बोस्टन, न्यूयॉर्क, लंडन इथे वाळवंटी झाडांची प्रदर्शने भरवली, १९३० साली संस्था काढली, सरकारदरबारी खेटे घातले. अखेर १० ऑगस्ट १९३६ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सव्वाआठ लाख एकर जमीन राखीव केली. बाई १९४५ साली वारल्या. १९५० मध्ये खाणवाल्यांच्या आग्रहाने त्यातला मोठा तुकडा पुन्हा काढून घेण्यात आला. ते पाहायला त्या नव्हत्या, हे बरेच झाले म्हणायचे. १९९४ साली कायदा झाला, गेलेली बरीचशी जमीन परत आली आणि तिथे राष्ट्रीय उद्यान झाले.

कीज १९६९ पर्यंत आपल्या घरीच राहिला, आणि त्याच वर्षी वारला. त्याचे घर आजही उभे आहे. पण तिथे मनाला येईल तेव्हा शिरता येत नाही, उद्यानाच्या माणसाबरोबरच जावे लागते. बंधाऱ्याची वाट मात्र मोकळी आहे. मैल-सव्वा मैलाचा फेरा, तोही धोंड्यांमधून. पाऊस बरा झाला असेल तर बंधाऱ्यात पाणी दिसते, नाहीतर कोरडा चिखल. निघताना एक करावे: गाडीतले पिंप गावातच भरून घ्यावे. हिडन व्हॅलीच्या तळावर नळ नाही.