जमिनीचा भाव कोण ठरवतो?



गटाच्या बैठकीत सातबारा वाचायला घेतला की आम्ही ‘आकार’ या शब्दापाशी थांबतो. तिथे जेमतेम काही रुपये लिहिलेले असतात. इथे कडावला तर गुंठ्याचा भाव लाखांत बोलतात. मग हे रुपये कसले?

ते आहेत शेतसाऱ्याचे. पुणे भागात प्रिंगल या इंग्रज अधिकाऱ्याने निव्वळ उत्पन्नाचा हिशेब मांडून सारा बसवला होता. तो इतका जड झाला की लोकांनी जमिनी टाकल्या. म्हणून १८३५ साली इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने सुरुवात केली. मातीची खोली, रंग, दोष पाहून नऊ प्रती पाडल्या. उत्तम जमीन १६ आणे, हलकी २ आणे. सारा ३० वर्षांसाठी बांधून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाख्यात पसरली. म्हणजे आकार हा सरकारचा सारा, जमिनीची किंमत नव्हे.

नंतर किंमत लावायची कारणे वाढली. १८९४ च्या कायद्यानुसार जमीन संपादन करताना बाजारभाव पाहत. संपत्तिकरासाठी १९७२ साली नोंदणीकृत मूल्यांकनकाराची तरतूद झाली. आपण त्याला ‘सरकारमान्य व्हॅल्युअर’ म्हणतो. मुद्रांक शुल्कासाठी रेडी रेकनर आला. तो शुल्काचा हिशेब. खरा सौदा त्याहून वर जाऊ शकतो.

हे आपण बायांनी का जाणायचे? महाराष्ट्रात १९९४ पासून आणि देशभर २००५ पासून हिंदू वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाएवढा हक्क आहे. तरी साडीचोळी घेऊन हक्कसोडपत्रावर सही होते. भावाला प्रेमाने द्यायचे तर खुशाल द्यावे. पण काय देतो आहोत ते माहीत असावे.

दलाल भाव सांगतो, पण त्याची कमाई सौद्यावर असते. स्वतंत्र व्हॅल्युअर जागेवर येतो, सातबारा, फेरफार, नकाशा, रस्ता पाहतो, आसपासची खरेदीखते ताडतो आणि कारणांसह लेखी अहवाल देतो. फी अहवालाची, सौदा होवो न होवो. कंपनी कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत तर सौद्यावर अवलंबून फी घ्यायला त्याला मनाईच आहे.

तेव्हा कुणी भाव सांगितला की दोन प्रश्न विचारूया: तो कुणी ठरवला, आणि कशासाठी? सही त्यानंतर.