राष्ट्रीय अग्निशस्त्र करार (ऑस्ट्रेलिया)

राष्ट्रीय अग्निशस्त्र करार हा ऑस्ट्रेलियाचे केंद्र सरकार आणि तेथील राज्ये व प्रदेश यांच्यात मे १९९६ मध्ये झालेला बंदूक नियंत्रणविषयक करार आहे. २८ एप्रिल १९९६ रोजी टास्मानियातील पोर्ट आर्थर येथे एका बंदूकधाऱ्याने ३५ जणांची हत्या केल्यानंतर पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांच्या पुढाकाराने तो करण्यात आला.

तरतुदी

अर्धस्वयंचलित रायफली व पंप-अ‍ॅक्शन शॉटगन बाळगण्यावर कडक निर्बंध आले. परवान्यासाठी सबळ कारण, प्रत्येक बंदुकीची नोंदणी आणि खरेदीपूर्वी २८ दिवसांची प्रतीक्षा बंधनकारक झाली. स्वसंरक्षण हे कारण ग्राह्य धरले गेले नाही. सरकारने मोबदला देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका जमा करून घेतल्या.

परिणामांविषयी मतभेद

करारापूर्वीच्या १८ वर्षांत पाच किंवा अधिक बळी घेणारे १३ सामूहिक गोळीबार झाले होते; नंतरच्या १० वर्षांत एकही झाला नाही. मात्र अर्धस्वयंचलित रायफली कायदेशीर असलेल्या न्यू झीलंडमध्येही १९९७ नंतर दीर्घकाळ अशी घटना घडली नाही. त्यामुळे काही अभ्यासक सामाजिक घटकांना अधिक महत्त्व देतात. पुढे १५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्चमधील मशिदींवरील हल्ल्यात ५१ जण मृत्युमुखी पडले. हल्लेखोराने परवान्यावर विकत घेतलेल्या बंदुका वापरल्या होत्या. त्यानंतर न्यू झीलंडनेही बहुतेक अर्धस्वयंचलित बंदुकांवर बंदी घातली.

स्वित्झर्लंडमध्ये बंदुका मोठ्या संख्येने असूनही सामूहिक गोळीबार विरळ आहेत. त्याचे श्रेय संस्कृतीला दिले जाते. परंतु ही संस्कृती सक्तीची लष्करी सेवा व परवाना पद्धती यांच्याशी, म्हणजेच कायद्याशी, निगडित आहे.