कापसाची गाठ आणि रुळांची रुंदी

नागपूरच्या मेट्रोला २०१९ पासून विमानतळाचे स्थानक आहे. मुंबईत २०२४ मध्ये भुयारी मेट्रो विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलपर्यंत पोचली. अशा मार्गाची बातमी आली की आपण पहिल्यांदा विचारतो, किती मिनिटांत पोचणार? दुसरा एक प्रश्न सहसा विचारला जात नाही. वाटेत किती वेळा उतरायचे आणि किती वेळा सामान उचलायचे? हा प्रश्न किती महत्त्वाचा असतो, ते यवतमाळच्या एका जुन्या रेल्वेवरून चांगले समजते. त्या काळी विमानतळ नव्हते. मुंबई बंदराकडे जाणारा मुख्य रेल्वेमार्ग हेच जगाकडे जाण्याचे दार होते, आणि त्या दारापर्यंत पोचायचे होते कापसाला.

भारतातली पहिली प्रवासी रेल्वे १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे धावली. त्याच वर्षी वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. पुढे १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकदम मोल आले. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा करत १८६७ मध्ये नागपूरला पोचला. हा मार्ग ब्रॉडगेज होता. म्हणजे दोन रुळांमधले अंतर १६७६ मिलिमीटर.

मुख्य मार्ग मोठ्या बाजारपेठांना थोडा बाजूला ठेवून गेला होता. म्हणून जलंब ते खामगाव आणि बडनेरा ते अमरावती असे दोन छोटे फाटे काढण्यात आले. खामगावच्या फाट्याचे उद्घाटन १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांनी केले. एक फाटा सुमारे १३ किलोमीटरचा, दुसरा सुमारे १० किलोमीटरचा, आणि दोन्ही ब्रॉडगेज. खामगावला भरलेला डबा जलंबला दुसऱ्या गाडीला जोडला की तसाच मुंबईला जाई. मधे गाठीला कुणी हात लावण्याची गरज नव्हती.

यवतमाळची गोष्ट वेगळी होती. ते मुख्य मार्गापासून बरेच दक्षिणेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात किलिक निक्सन या व्यापारी कंपनीच्या व्यवस्थापनाखाली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने मूर्तिजापूरहून दोन फाटे बांधले. एक उत्तरेला दर्यापूर, अंजनगाववरून एलिचपूर म्हणजे आजच्या अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर. दुसरा दक्षिणेला कारंजा, दारव्हावरून यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर. हीच पुढे ‘शकुंतला’ या नावाने ओळखली जाऊ लागलेली गाडी. तिच्या रुळांमधले अंतर होते ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट.

कंपनीने अरुंद रूळ का निवडले? यात भूमितीचा एक सुंदर धडा आहे. मुलांना फळ्यावर दोन समकेंद्री पाव वर्तुळे काढायला सांगा. हे वळणावरचे दोन रूळ. बाहेरचा रूळ आतल्यापेक्षा किती लांब? वळणाची त्रिज्या कितीही असो, हा फरक रुळांमधले अंतर गुणिले π/२ एवढाच येतो. ब्रॉडगेजला तो सुमारे २.६३ मीटर, अरुंद मार्गाला फक्त १.२० मीटर. रेल्वेची दोन्ही चाके एकाच आसाला घट्ट बसवलेली असतात, त्यामुळे दोघांचे फेरे सारखेच होतात. बाहेरच्या चाकाने जास्त अंतर कापायचे कसे? चाकाचा काठ किंचित उतरता केलेला असतो, त्यामुळे थोडी भरपाई होते. उरलेला फरक चाक रुळावर घासून भरून निघतो. फरक जितका कमी, तितके जास्त तीव्र वळण घेता येते. सर्वसाधारण हिशेबाने ब्रॉडगेजला जे वळण २२० मीटर त्रिज्येचे लागेल, ते या मार्गाला १०० मीटरमध्ये बसवता येते.

तीव्र वळण घेता आले की टेकाड फोडण्याऐवजी त्याला वळसा घालता येतो. डबे लहान आणि हलके, म्हणून रूळ हलके, पूल लहान, भराव अरुंद. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने १८९७ मध्ये याच रुंदीची बार्शी लाइट रेल्वे सुरू करून अशा मार्गावर भरपूर माल नेता येतो हे दाखवून दिले होते. कापसाचा हंगाम दिवाळीनंतरचे काही महिने, बाकी वर्षभर मालाची वर्दळ कमी. अशा फाट्यासाठी भांडवल घालणाऱ्या कंपनीला स्वस्त रूळ पटणे साहजिक होते. तिचा हिशेब चुकीचा म्हणता येणार नाही.

त्या हिशेबात एक खर्च मात्र दुसऱ्याच्या माथी होता. मूर्तिजापूरला रुळांची रुंदी बदलत असे, त्यामुळे डबा पुढे जाऊ शकत नसे. अरुंद डब्यातली प्रत्येक गाठ उतरवायची आणि रुंद डब्यात चढवायची. समजा, एका गाडीत १०० टन रुई आहे आणि दाबलेली गाठ १७० किलोची आहे. म्हणजे सुमारे ५८८ गाठी. हमालांची एक टोळी मिनिटाला एक गाठ हलवते असे धरले, तरी जवळजवळ १० तास लागतात. ताशी २० किलोमीटर वेगाने यवतमाळ ते मूर्तिजापूर हे ११३ किलोमीटर अंतर गाडी पावणेसहा तासांत तोडेल. म्हणजे एकाच फलाटावरची काही मीटरची हालचाल सबंध प्रवासापेक्षा जास्त वेळ खाते! शिवाय मजुरी, गाठ फाटणे, पाऊस लागणे हे निराळेच.

बैलगाडीशी तुलना होती तोवर हा तोटा जाणवला नाही. कारंजा ते मूर्तिजापूर हा रस्ता बैलगाडीने मळण्यापेक्षा फलाटावर गाठ बदलणे केव्हाही बरे. खरी अडचण ट्रक आल्यावर झाली. ट्रक जिनिंगच्या दारात भरतो आणि गिरणीच्या दारात रिकामा होतो. प्रवाशांचेही तसेच. यवतमाळहून मुख्य मार्गावरचे धामणगाव स्थानक रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटर. एसटीने तिथे गेले की नागपूरची किंवा मुंबईची गाडी मिळते. ११३ किलोमीटर संथ गाडीने मूर्तिजापूरला जाऊन तिथे गाडी बदलायला कोण तयार होणार? जे उरले ते वाटेवरच्या गावांतले लोक. त्यांना तिकीट स्वस्त पडे आणि पावसाळ्यात गावापर्यंतचा रस्ता नेहमी चालू असेलच असे नसे. शकुंतला बंद पडल्यावर खरा तोटा त्यांचाच झाला.

मार्ग सुधारण्याची जबाबदारी कुणाची, हाही पेच होता. देशातल्या इतर रेल्वे सरकारच्या मालकीच्या झाल्या, पण हा मार्ग कंपनीचाच राहिला. गाड्या मध्य रेल्वे चालवायची आणि करारानुसार कंपनीला मोबदला द्यायची. मालकाला नवे भांडवल घालण्यात रस नव्हता, चालवणाऱ्याला दुसऱ्याच्या रुळांवर पैसा ओतण्यात रस नव्हता. मँचेस्टरमध्ये १९२१ मध्ये तयार झालेले झेडडी जातीचे वाफेचे इंजिन या मार्गावर १५ एप्रिल १९९४ पर्यंत गाडी ओढत होते! मग डिझेल इंजिन आले. रुंदीकरणाची घोषणा २०१६ मध्ये झाली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत एकेक करून दोन्ही फाट्यांवरची वाहतूक थांबली.

आता इतर फाट्यांकडे पाहा. बार्शीची अरुंद रेल्वे ब्रॉडगेज झाली आणि लातूर मुंबईला सरळ जोडले गेले. अमरावतीहून मुंबईला थेट गाडी निघते. यवतमाळ जिल्ह्यातच कोळशाच्या वणी भागातून ब्रॉडगेज मार्ग जातो. ज्या फाट्यावरचा डबा मुख्य मार्गावर जाऊ शकतो त्याला मुख्य मार्गाची वाढ आपोआप मिळते. ज्याचा डबा फलाटावर अडतो, त्याला ती मिळत नाही.

यवतमाळसाठी आता वर्धा–यवतमाळ–नांदेड हा २८४ किलोमीटरचा ब्रॉडगेज मार्ग आखलेला आहे. त्यातल्या वर्धा ते कळंब या टप्प्याचे उद्घाटन २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. पुढे तो यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद, उमरखेड असा नांदेडकडे जातो. शकुंतलेच्या मार्गावरचे दारव्हा त्यात आहे, पण कारंजा नाही. म्हणून जुन्या मार्गाच्या रुंदीकरणाची मागणी नव्या मार्गामुळे संपत नाही.

विमानतळांच्या रेल्वेलाही हाच नियम लागू पडतो. नागपूरचे मेट्रो स्थानक वर्धा रस्त्यावर आहे, टर्मिनल आत आहे. मधल्या थोड्या अंतरासाठी बॅगा घेऊन दुसरे वाहन शोधावे लागते. दिल्लीत २०११ मध्ये विमानतळाची मेट्रो सुरू झाली, तेव्हा शहरातल्या स्थानकावरच विमानाचे सामान जमा करण्याची सोय ठेवली गेली. प्रवाशाची बॅग मधे त्याला पुन्हा उचलावी लागू नये हा त्यामागचा विचार.

आपल्या गावातल्या एका वस्तूचा प्रवास वर्गात नकाशावर काढून पाहता येईल. दूध, संत्री, सोयाबीन, काहीही चालेल. शेतापासून शेवटच्या गिऱ्हाइकापर्यंत ती जिथे जिथे एका वाहनातून दुसऱ्यात जाते, तिथे तांबडी खूण करा. मग प्रत्येक खुणेजवळ किती वेळ जातो आणि किती मजुरी पडते, हे मुलांना अडत्याकडे, हमालांकडे, ट्रकवाल्यांकडे जाऊन विचारू द्या. किलोमीटर नकाशावर मोजता येतात. तांबड्या खुणांचा हिशेब मात्र त्या जागी उभे राहूनच करावा लागतो.