नॅनोकण प्रकीर्णन संवेदक

सोन्या-चांदीच्या नॅनोकणांवरून विखुरणाऱ्या प्रकाशातील बदल टिपून घातक रसायन किंवा रोगजंतू ओळखणारे साधन. धातूच्या इतक्या लहान कणातील मुक्त इलेक्ट्रॉन ठरावीक तरंगलांबीच्या प्रकाशात एकाच तालात डोलतात आणि तो प्रकाश शोषतात, विखुरतात. त्यामुळे 13 नॅनोमीटरच्या कणांचे सोन्याचे द्रावण माणकासारखे लाल दिसते. मायकेल फॅरेडे यांनी अशा द्रावणांचा अभ्यास 1857 मध्ये मांडला. या प्रकीर्णनाची गणिती उकल गुस्टाफ मी यांनी 1908 मध्ये केली. या आकाराच्या कणांचे प्रकीर्णन त्रिज्येच्या सहाव्या घाताने वाढते. व्यास दुप्पट झाला तर विखुरलेला प्रकाश सुमारे 64 पट होतो. म्हणूनच कणांची गुठळी झालेली लगेच कळते.

संवेदकाचे सारे कसब ही गुठळी हव्या त्याच पदार्थाने घडवण्यात आहे. चॅड मर्किन आणि सहकाऱ्यांनी 1996 मध्ये कणांवर डीएनएचे धागे बसवले. जुळणारा धागा मिसळताच कण एकमेकांना बांधले गेले आणि लाल द्रावण जांभळट-निळे झाले. डीएनएतील थायमिन या घटकाचे धागे वापरले, तर हेच काम पाण्यातील पाऱ्याचे आयन करतात.

दुसरी वाट रामन प्रकीर्णनाची. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1928 मध्ये कोलकात्यात शोधलेला हा परिणाम मुळात फार क्षीण, पण खडबडीत चांदीच्या पृष्ठभागाजवळ तो लाखो पटींनी वाढतो. 2001 मध्ये अमेरिकेत अँथ्रॅक्स रोगाच्या जंतूंचे बीजाणू भरलेल्या पत्रांनी पाच बळी घेतल्यावर या तंत्राकडे विशेष लक्ष गेले. रिचर्ड व्हॅन डाइन यांच्या गटाने 2005 मध्ये बीजाणूंतील कॅल्शियम डायपिकोलिनेट सौम्य नायट्रिक आम्लाने बाहेर काढून, चांदीचा थर दिलेल्या सूक्ष्मगोलांवर ओळखले. सुमारे 2,600 बीजाणू पुरले. अँथ्रॅक्सच्या संसर्गाची मात्रा 10,000 बीजाणू धरली जाते. मात्र प्रयोगातले बीजाणू निरुपद्रवी बॅसिलस सब्टिलिसचे होते, आणि हे संयुग त्या कुळातील साऱ्याच बीजाणूंत असते. धोक्याची घंटा म्हणून हे तंत्र उत्तम; पण नेमका जंतू कोणता, हे ठरवायला वेगळी चाचणी लागते.

प्रयोगशाळेतली अचूकता गढूळ नमुन्यात टिकत नाही. साध्या मिठानेही सायट्रेटने स्थिर ठेवलेले कण आपोआप चिकटतात, आणि विषाचा लवलेश नसताना नळी निळी पडते. त्यामुळे शेजारी शुद्ध पाण्याची एक नळी ठेवणे पुरत नाही. तेवढेच मीठ घातलेली, पण विष नसलेली नळीही ठेवावी लागते.