लाल शाईच्या नकला

सुई राजवटीत, इ. स. 605 च्या सुमारास, राज्यकारभारासाठी माणसे परीक्षा घेऊन निवडण्याची जी प्रथा चीनच्या दरबाराने पाडली, ती मधल्या खंडांसह 1905 पर्यंत टिकली. नानकिंगच्या परीक्षागृहात तर 20,000 हून अधिक कोठड्या होत्या. शिधा आणि अंथरूण घेऊन उमेदवार आपल्या कोठडीत शिरे, आणि दिवसा ज्या दोन फळ्यांचे बाक व मेज होई, त्याच रात्री जोडून त्यांवर अंग आखडून निजे. परंतु मला सर्वाधिक आदर वाटतो तो तेथील नकलनविसांविषयी: काळ्या शाईने लिहिलेली प्रत्येक उत्तरपत्रिका ते लाल शाईने बरहुकूम उतरवून काढीत, आणि हस्ताक्षराच्या ओळखीने वशिला लागू नये म्हणून ही निनावी नक्कलच परीक्षकापुढे ठेवली जाई. स्त्रियांना मात्र या दाराशी मज्जाव होता, आणि हा अन्याय लहान नव्हे. कँटनच्या परीक्षेत वारंवार अनुत्तीर्ण झालेल्या हुंग श्यूच्वानने पुढे ताइपिंग बंड उभारले, 1853 मध्ये नानकिंगलाच आपली राजधानी केले, आणि तेथे स्वतःच्या धर्ममतानुसार परीक्षा पुन्हा सुरू केल्या.