सेरेंगेटीचे कळप आणि बुळकांडी

पूर्व आफ्रिकेतील मारा नदीच्या काठी दरवर्षी जुलै ते ऑक्टोबर या काळात जगभरातून माणसे येऊन थांबतात. मोटारींची रांग लागते, दुर्बिणी सरसावल्या जातात आणि पलीकडच्या काठावर जमलेल्या हजारो वाइल्डबीस्टांपैकी पहिला कोण पाण्यात उडी घेतो, याची वाट पाहिली जाते. बैलासारखी शिंगे, घोड्यासारखी आयाळ आणि बकऱ्यासारखी दाढी असलेला हा प्राणी दिसावयास काही देखणा नाही. परंतु तो लाखांच्या संख्येने चालू लागला म्हणजे पाहणाऱ्याची वाचा बंद होते. सहलींच्या माहितीपत्रकांत या दृश्याचे वर्णन सृष्टीच्या आरंभापासून अखंड चालत आलेला, मानवाचा स्पर्श न झालेला सोहळा असे केलेले असते. आम्हांला या वर्णनाविषयीच येथे लिहावयाचे आहे. वाइल्डबीस्ट तेथे फार पुरातन काळापासून आहेत, यात संशय नाही. परंतु आज आपण पाहतो तो प्रचंड कळप आणि आज आपण पाहतो ते निर्मनुष्य मैदान, या दोहोंचे वय एका माणसाच्या आयुष्याहून फारसे अधिक नाही.

प्रथम या प्रवासाचे स्वरूप पाहू. टांझानियातील सेरेंगेटीच्या दक्षिणेस आखूड गवताची मैदाने आहेत. तेथील जमीन ज्वालामुखींच्या राखेची असल्यामुळे गवतात चुना आणि स्फुरद भरपूर असते. व्यालेल्या माद्यांना तेच हवे असते, म्हणून जानेवारी ते मार्च या काळात कळप तेथे असतात आणि बहुतेक सर्व वासरे दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात. मे महिन्यात पाऊस ओसरला की मैदान सुकते. मग कळप वायव्येकडे ग्रुमेती नदीच्या बाजूस आणि तेथून उत्तरेस, केनियाच्या सीमेवरील मारा नदीकडे सरकतात. नोव्हेंबरात पावसाची चाहूल लागली की पुन्हा दक्षिणेची वाट. झेब्रे गवताचे उंच, जाड देठ खातात, वाइल्डबीस्ट त्याखालची पाने खातात आणि मागाहून येणारी लहान हरणे कोवळे फुटवे टिपतात. नदी ओलांडताना सहस्रावधी प्राणी बुडून मरतात. २००१ ते २०१५ या वर्षांच्या अभ्यासात ही संख्या वर्षाला सरासरी सुमारे ६,२५० निघाली. त्यांच्या मांसावर मगरी, गिधाडे आणि मासे पोसतात, आणि हाडे पुढे कित्येक वर्षे नदीला खत पुरवितात.

आता इतिहासाकडे वळू. १८८७ च्या सुमारास लाल समुद्राच्या काठी, मासावा बंदरात उतरलेल्या इटालियन सैन्याबरोबर गुरे आली. ती भारतातून किंवा एडनकडून आली असावीत, असे बहुतेक इतिहासकार मानतात. त्या गुरांबरोबर बुळकांडीही उतरली. आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना या रोगाची ओळख करून द्यावयास नको: ताप, तोंडात फोड, हगवण आणि आठवडा-दहा दिवसांत मृत्यू. आफ्रिकेतील गुरांनी हा रोग असा कधी पाहिलाच नव्हता. इथिओपियात नांगराला बैल उरले नाहीत आणि १८८८ ते १८९२ असा भयंकर दुष्काळ पडला. रोग दक्षिणेकडे सरकत १८९० च्या सुमारास मसाई लोकांच्या कुरणांत पोहोचला आणि १८९६-९७ पर्यंत खंडाच्या दक्षिण टोकाशी जाऊन थडकला. तो गुरांवरच थांबला नाही. गवे, वाइल्डबीस्ट, जिराफ यांचेही कळप त्याने झोपविले.

मसाई हे गुरांवर जगणारे लोक. दूध हे त्यांचे अन्न, गाय ही त्यांची संपत्ती आणि सोयरीकही गाईंवरच ठरणारी. गुरे गेली, त्याच सुमारास देवीची साथ आली. त्या काळाला मसाई भाषेत ‘एमुताई’ म्हणतात. अर्थ, समूळ पुसून टाकणे. ऑस्कर बाउमान नावाचा ऑस्ट्रियन प्रवासी १८९२ च्या मार्चमध्ये गोरोंगोरोच्या विवरात उतरला. हा गृहस्थ काही साधुपुरुष नव्हता, बंदुकीच्या जोरावर वाट काढणाऱ्यांपैकीच होता. तरीही त्याने लिहून ठेवलेले वृत्त वाचवत नाही. हाडांचे सापळे झालेल्या स्त्रिया, जेमतेम सरपटू शकणारे योद्धे, आणि मेजवानीची वाट पाहत त्यांच्या मागोमाग जाणारी गिधाडे. मसाईंपैकी दोन-तृतीयांश लोक मेले असावेत, असा त्याचा अंदाज होता.

यानंतर वसाहतवाल्यांचे काम सोपे झाले. जमीन ओसाड आहे असे म्हणावयास आता पुरावा मिळाला होता. १९०४ आणि १९११ च्या करारांनी इंग्रजांनी केनियातील मसाईंना रिफ्ट खोऱ्यातून आणि नंतर लाइकिपियाच्या पठारावरून हटविले व दक्षिणेकडच्या राखीव मुलखात कोंबले. (गोमंतकीय वाचकांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगतो. १९६६ साली काही महिने केनियाचे उपराष्ट्रपती असलेले जोसेफ मुरुंबी हे गोवेकर व्यापारी झुझार्ते यांचे आणि मसाई मातेचे पुत्र होत. त्यांचे शिक्षण बंगळूरला झाले.) इकडे गुरे आणि वन्य पशू दोन्ही घटल्यामुळे चरणारे तोंड उरले नाही. गवत माजले, झुडपे वाढली, झुडपांत त्सेत्से माशी वाढली आणि तिने माणसांत निद्रारोग पसरविला. रान माजलेली ही भूमी पाहून पुढच्या पिढीच्या साहेबांना वाटले, की हेच आफ्रिकेचे मूळ रूप!

त्या समजुतीतून सेरेंगेटीचे राष्ट्रीय उद्यान घडले. १९५१ मध्ये त्याचा कारभार सुरू झाला, तेव्हा मसाई त्याच्या आत राहत होते. जानेवारी १९५८ मध्ये फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक बर्नहार्ड ग्झिमेक आणि त्यांचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगविलेल्या विमानातून सेरेंगेटीतील प्राण्यांची मोजणी केली. त्यांना वाइल्डबीस्ट सापडले ते एक लाखाच्या आत. उद्यानाच्या नव्या सीमा कळपांच्या वाटांशी जुळत नाहीत, हेही त्यांनी दाखविले. १० जानेवारी १९५९ रोजी एका गिधाडाची धडक बसून ते विमान कोसळले आणि तरुण मिखाएल दगावला. त्याच वर्षी निघालेल्या त्यांच्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले आणि सेरेंगेटीचे नाव युरोपात घरोघरी गेले. ग्झिमेक यांची तळमळ खरी होती, पुत्रशोकाने ती अधिकच तीव्र झाली. परंतु राष्ट्रीय उद्यानात कोणीही माणूस, तेथील मूळ रहिवासीसुद्धा, राहू नये, हे त्यांचे मत आम्हांला मान्य होण्यासारखे नाही. १९५९ मध्ये सेरेंगेटीतून मसाईंना गुरांसह बाहेर काढण्यात आले आणि गोरोंगोरोचा वेगळा प्रदेश त्यांच्या वस्तीसाठी ठेवण्यात आला.

आणि नेमक्या याच वर्षांत, उद्यानाच्या कुंपणाशी संबंध नसलेले एक काम नैरोबीजवळ मुगुगा येथील प्रयोगशाळेत चालू होते. त्याची पूर्वपीठिका आपल्या घराजवळची आहे. बुळकांडीच्या अभ्यासासाठी हिंदुस्थान सरकारने १८८९ मध्ये पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन केली. १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वर येथे हलविली. तेथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स यांनी रोगाचा विषाणू एका बकऱ्यातून दुसऱ्या बकऱ्यात असा नेत नेत सौम्य केला आणि त्यापासून लस तयार केली. पुढचे पाऊल मुगुग्यात वॉल्टर प्लाउराइट यांनी टाकले. प्राण्यांच्या पेशींवर काचपात्रात वाढविलेली, स्वस्त आणि सुरक्षित अशी लस त्यांनी १९६० च्या सुमारास सिद्ध केली. मसाईंच्या आणि त्यांच्या शेजाऱ्यांच्या गुरांना मोठ्या प्रमाणावर लसी टोचल्या गेल्या.

वाइल्डबीस्टांना कोणी सुई टोचली नाही. तरी १९६३ नंतर जन्मलेल्या वाइल्डबीस्टांच्या रक्तात बुळकांडीची खूण मिळेनाशी झाली. रोगाचे ठाणे गुरांत होते. तेथे तो विझला आणि रानातही विझला. पूर्वी पहिल्या वर्षीच मरणारी वासरे जगू लागली. १९६१ मध्ये अडीच लाखांच्या आसपास असलेली संख्या १९७७ पर्यंत तेरा लाखांच्या पुढे गेली. इतक्या तोंडांनी गवत खाल्ल्यामुळे वणवे कमी झाले आणि वणवे कमी झाल्यामुळे झाडे वाढली. ज्या गुरांना रानाचे वैरी म्हणून हाकलले, त्यांच्याच खांद्यावर टोचलेल्या लसीने हा कळप उभा राहिला, ही गोष्ट माहितीपत्रकांत छापावयास काय हरकत आहे, आम्हांस कळत नाही. २०११ मध्ये बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. देवीनंतर हा मान मिळालेला हा दुसराच रोग.

आज संख्येविषयी पुन्हा वाद आहे. विमानातून होणाऱ्या मोजण्यांवरून तेरा लाखांचा आकडा सांगितला जात असे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून केलेल्या गणनेत मात्र सहा लाखांहून कमी प्राणी मिळाले. कळप घटले की मोजण्याची रीत बदलली, यावर तज्ज्ञांचे एकमत व्हावयाचे आहे. केनियाच्या बाजूस जमिनी वाटल्या गेल्या, कुंपणे उभी राहिली आणि लोइताच्या मैदानातील वेगळे, लहान स्थलांतर पुष्कळ आटले, हे मात्र निर्विवाद आहे.

आणि मसाई? १९५९ मध्ये ज्या गोरोंगोरोत त्यांना जागा दिली, तेथूनही २०२२ पासून टांझानिया सरकारने शेकडो किलोमीटर दूर, हांडेनीजवळच्या मसोमेरा गावी कुटुंबे हलविण्यास आरंभ केला. सरकार त्याला ऐच्छिक म्हणते. अनेक मसाई तसे मानत नाहीत. गोरोंगोरोच्या पश्चिमेकडील मैदानांतच फेब्रुवारीत वाइल्डबीस्टांची वासरे जन्मतात. त्या वासरांकडून गुरांना एक जीवघेणा ज्वर होतो, म्हणून कळप येताच मसाई आपली गुरे उंचावरच्या कुरणांत नेतात आणि उत्तम गवत पाहुण्यांसाठी सोडतात. वासरे मोठी होऊन कळप उत्तरेस निघाले, की मग गुरे खाली उतरतात.