कॉफीच्या बीजाचे आयुष्य

ज्वारीचे बियाणे वर्षभर कणगीत राहिले तरी पेरणीच्या दिवशी मातीशी इमान राखते. कॉफीचे बी इतके सोशिक नाही. आणि या पिकाच्या जगप्रवासाला त्याच्या या नाजूकपणाने मोठे वळण दिले आहे.

येमेनच्या मोखा बंदरातून बुंददाणे दूरदेशी जात. रुजण्याजोगे बी परक्यांच्या हाती पडू नये म्हणून अरब व्यापारी ते उकळून किंवा भाजून देत, असे सांगतात. वस्तुतः तेवढ्या खबरदारीची गरजच नव्हती. विक्रीचा दाणा कडक वाळवून त्याचे टरफल काढतात; जहाजाच्या उकाड्यात महिनोन्‌महिने काढल्यावर त्यात अंकुर कोठून उरणार? ज्या वाळवणीने माल टिकतो, तीच बीजाला बाधते.

बाबा बुदन यांनी सतराव्या शतकात अरबस्तानातून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी आख्यायिका आहे. ती खरी असेल, तर त्या बिया ताज्याच असल्या पाहिजेत. पुढे डचांनी मलबारातून जावा बेटावर रोपे नेली. १६९६ मधील रोपे पुरात गेली. १६९९ मध्ये पुन्हा नेलेली जगली. १७०६ मध्ये जावाहून एक झाड ॲम्स्टरडॅमला आले आणि त्याच्या वंशातले एक १७१४ मध्ये फ्रान्सच्या चौदाव्या लुईला भेट मिळाले. १७२३ च्या सुमारास द क्लिउ या फ्रेंच अधिकाऱ्याने स्वतःच्या वाट्याचे पाणी घालून एक रोप मार्टिनिक बेटावर पोहोचविले, असे त्यानेच लिहून ठेवले आहे.

अशा मोजक्या झाडांपासून मोठमोठे मळे उभे राहिले. म्हणूनच त्यांचे रक्त एकसारखे राहिले. १८६९ मध्ये सिलोनात तांबेरा उद्भवला आणि तेथील मळे बघता बघता उजाड झाले.

या बीजाचे मर्म १९९० मध्ये एलिस, हाँग आणि रॉबर्ट्स या शास्त्रज्ञांनी उलगडले. अरेबिकाचे बी सुमारे १० टक्के ओलावा उरेपर्यंत वाळवण सोसते; त्याहून अधिक वाळविल्यास त्याची हानी होते. वाळलेले बी १५ अंश सेल्सिअसच्या आसपास बरे टिकते. मात्र गोठणबिंदूजवळच्या थंडीत ते उलट लवकर मरते. म्हणूनच आपल्याकडे पिकल्या फळांचे बी राख चोळून सावलीत वाळवितात आणि फार काळ न ठेवता पेरतात.

गव्हाचे वाण शीतगृहात निर्धास्त ठेवता येतात. कॉफीचे तसे नाहीत. द्रवरूप नायट्रोजनात ते जपण्याची रीत आता साधली आहे. तरीही बहुतेक वाण आजही संशोधन-बागांतील जिवंत झाडांच्या रूपानेच राखले जातात. तेथे एखादे झाड वठले, तर उद्याच्या रोगाशी झुंजणारे एखादे वाण त्याच्याबरोबरच नाहीसे होण्याचा संभव असतो.